68 किलोची ओढ आणि 2 मिलिमीटरचा पत्रा: मिरजेच्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

धनुष्य आणि चिलखत यांवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. 68 किलो (150 पौंड) ओढीच्या, म्हणजे पूर्ण ताणायला तेवढा जोर लागणाऱ्या, इंग्लिश धनुष्याचा बाण 2 मिलिमीटर पोलादावर अडतो हे माझं विधान तुम्हाला पटत नाही, कारण पत्र्यातून बाण आरपार गेल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाय. आपल्याकडच्या कमठ्याला, म्हणजे शिंग जोडून केलेल्या धनुष्याला, मी कमी लेखलं, हा दुसरा. आणि हे सगळं कागदावरचं गणित आहे, हा तिसरा. सुरुवात तिसऱ्यापासून करतो, कारण पहिल्या दोघांचं उत्तर त्यातूनच निघतं.

ओढ मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. हळदीची पोती तोलायचा टांगता काटा घ्या. धनुष्य मुठीशी पक्कं बांधा, काट्याचा हुक दोरीच्या मध्यावर अडकवा आणि दोरी जागेवर असल्यापासून दर 5 सेंटिमीटरला किती किलो भरतात ते लिहा. शेवटची नोंद निम्मी धरून सगळ्यांची बेरीज करा, तिला 0.05 ने आणि मग 9.81 ने गुणा. आलेला आकडा म्हणजे धनुष्यात साठलेली ऊर्जा, ज्यूलमध्ये. काटा तिरका ओढला की आकडा चुकतो. धनुष्य ताणून धरून सावकाश आकडा वाचत बसलात तरी चुकतो, कारण लाकूड सैलावतं. नोंद चटकन घ्यायची.

68 किलोच्या साध्या लांब धनुष्यात दोरी 61 सेंटिमीटर मागे येते. ताण जवळपास सरळ रेषेत वाढतो, म्हणून साठा सुमारे 203 ज्यूल. हे सगळे बाणाला मिळत नाहीत. धनुष्याच्या भुजा आणि दोरी यांनाही वेग घ्यावा लागतो, आणि त्यांचा वाटा बाणात थेट 45 ग्रॅम मिळवल्यासारखा धरता येतो. मग 60 ग्रॅमच्या बाणाला 203 × 60 ÷ 105, म्हणजे 116 ज्यूल मिळतात आणि वेग सेकंदाला 62 मीटर होतो. 100 ग्रॅमच्या बाणाला 140 ज्यूल मिळतात, वेग 53 मीटर. धनुष्य एकच, ओढणारा एकच, तरी 24 ज्यूलचा फरक. म्हणून बाणाचं वजन न सांगता नुसती ओढ सांगणाऱ्या दाव्यावर मी विसंबत नाही. हे 45 ग्रॅम प्रत्येक धनुष्याला वेगळे असतात. दोन वेगवेगळ्या वजनांचे बाण सोडून वेग मोजला की ते निघतात. फोनवर सेकंदाला 240 चौकटींचं चित्रीकरण पुरतं: 53 मीटर वेगाचा बाण एका चौकटीत 22 सेंटिमीटर सरकतो. मागे मोजपट्टी लावा आणि 8-10 चौकटींची सरासरी घ्या.

जुन्या धनुष्यांची ओढ मात्र अशी मोजता येत नाही. ‘मेरी रोझ’ हे इंग्लिश लढाऊ जहाज 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं. त्यावर 170 हून जास्त धनुष्यं सापडली, पण ती ओढली तर मोडतील. अंदाज मापांवरून करावा लागतो, आणि ताठरपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी 5 टक्के चुकली की ओढ 15-16 टक्के चुकते.

आता कमठा. लाकडाचा गाभा, पोटाला शिंग, पाठीला स्नायुतंतू, सगळं सरसाने जोडलेलं. त्याचा ताण सुरुवातीलाच चढतो, म्हणून तेवढ्याच ओढीत साठा जास्त. 50 किलोच्या कमठ्यात 60 सेंटिमीटर खेचीला 170 ज्यूल साठू शकतात, तर तशाच सरळ लाकडी धनुष्यात 147. बाणात मिळवायचे ग्रॅम 45 ऐवजी 30 धरले, तर 70 ग्रॅमच्या बाणाला 119 ज्यूल मिळतात. म्हणजे 68 किलोच्या इंग्लिश धनुष्याने सोडलेल्या 60 ग्रॅमच्या बाणापेक्षा कणभर जास्तच. यात कमी लेखण्यासारखं काही नाही. पण हाच कमठा दूर मारा करायला 40 ग्रॅमच्या बाणाने वापरला, तर 97 ज्यूलच हाती येतात. त्यात पावसाळा. दमट हवेत सरस आणि स्नायू सैल पडतात, ओढ उतरते. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांचे पूर्वज शस्त्रांचं काम करणारे शिकलगार होते. सरस पावसात कसा वागतो हे तुमच्या गावात सहज कळेल. पोलादी कमठे आपल्याकडे बनले त्यामागे हेही कारण होतं, पण त्यांच्या भुजा जड, त्यामुळे बाणाला कमी मिळतं.

खरी गफलत चिलखताच्या बाजूला होते. धातुतज्ज्ञ ॲलन विल्यम्स यांच्या चाचण्यांतले आकडे असे: सपाट मऊ पोलादावर टोकदार बाण सरळ आदळला तर तो भेदायला 1 मिलिमीटरला सुमारे 55 ज्यूल लागतात, 2 ला 175, 3 ला 300. मळी भरलेल्या हलक्या लोखंडाला याच्या निम्मेच लागतात, पाणी दिलेल्या (तापवून झटकन थंड करून कठीण केलेल्या) चांगल्या पोलादाला दीडपट. म्हणजे 2 मिलिमीटर जाडीचं एक चिलखत 88 ज्यूलला फुटतं आणि दुसरं 260 लाही नाही. आपला 140 ज्यूलचा बाण या दोहोंच्या मधे पडतो. वर छातीचा पत्रा फुगीर असतो. बाण 45 अंशांत लागला तर सुमारे 1.4 पट ऊर्जा लागते, आणि तिथे तो बहुधा घसरतोच. 2019 मध्ये इंग्लंडमध्ये 160 पौंडी धनुष्याने मध्यभागी सुमारे 2.5 मिलिमीटर जाडीच्या छातीपत्र्यावर बाण सोडले, तेव्हा ते पत्र्याने अडवले.

कड्यांच्या चिलखताला, आत जाड गादीचा अंगरखा असेल तर, विल्यम्स यांना सुमारे 120 ज्यूल लागले. पण ते रिव्हेट मारलेल्या कड्यांचं. बाजारात मिळणाऱ्या नकलेत कडीची टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली असतात, ती सहज उघडतात. शिवाय मागे फळी ठोकली की जाळीला मागे सरकायला जागाच उरत नाही.

कुपवाड एमआयडीसीत कोणाचं वर्कशॉप ओळखीचं असेल तर एक चाचणी करून बघा. उभ्या पाइपातून 7 किलोचं वजन, खाली बाणाचं टोक बसवून, 2 मीटरवरून सोडा: 137 ज्यूल. खाली 2 मिलिमीटरचा सीआर (थंड लाटलेल्या मऊ पोलादाचा) पत्रा ठेवा. जाडीची खात्री वजनाने करा, 30 × 30 सेंटिमीटरचा तुकडा 1.4 किलो भरला पाहिजे. टोक मऊ लोखंडाचं आणि कठीण केलेलं, दोन्ही वापरा. मऊ टोक पत्र्यावर वाकलेलं दिसेल. या चाचणीत बाणाला जरा झुकतं माप मिळतं, कारण खऱ्या बाणाची काडी आदळताना लवते, कधी मोडते आणि तिथे ऊर्जा खाते.

तुमच्या व्हिडिओत पत्र्याची जाडी, तो सपाट होता की फुगीर, मागे काय होतं, बाण किती ग्रॅमचा आणि किती अंतरावरून सोडला, एवढं दिसत असेल तर लिहून पाठवा. त्यावरून लागणारे आणि मिळणारे ज्यूल दोन्ही काढून इथेच खाली मांडतो.