चातुर्मासाचा नेम आणि दहा रकाने

चातुर्मासात काहीतरी सोडायचं नाहीतर काहीतरी धरायचं असतं. आमच्या घराण्यात आजवर वांगं सोडून झालंय, कांदालसूण सोडून झालंय, एका काकांनी तर चार महिने चहा सोडला होता आणि काकू त्यांना सोडायच्या बेतात होत्या. यंदा मात्र माझ्या मामेबहिणीने, म्हणजे ताईने, कांदेनवमीच्या दिवशी फॅमिली ग्रुपवर भज्यांच्या फोटोखालीच जाहीर करून टाकलं की यावर्षी कोणी काही सोडायचं नाही, पुस्तक धरायचं. आषाढी ते कार्तिकी, दहा पुस्तकं, दहा रकाने. ताई शाळेत शिकवते त्यामुळे रकाना नसलेली गोष्ट तिला मान्यच नसते. रात्री एक्सेल शीट हजर.

शंभर पानांच्या आतलं, पाचशे पानांच्या वरचं, कवितेचं, दुसऱ्या भाषेतून मराठीत आलेलं, आपल्या जन्माच्या आधी लिहिलेलं, महाराष्ट्रातल्या एखाद्या गावाशी संबंध असलेलं, आधी वाचलेलं पुन्हा, कोणीतरी दिलेलं, घरात आहे पण कधी उघडलं नाही असं, आणि शेवटचा रकाना लाल कव्हरचं पुस्तक. लाल का, असं भाच्याने विचारलं तर ताई म्हणाली, नऊ झाले होते, दहावा सुचेना.

सगळ्यांनी अंगठे दाखवले. आमच्या ग्रुपवर अंगठा म्हणजे "वाचलं नाही पण पाहिलं" एवढाच अर्थ होतो हे ताईच्या लक्षात आलं नाही, तिने सगळ्यांची नावं शीटमध्ये चढवली. ह्यांचंही चढलं. ह्यांनी शेवटचं काय वाचलं होतं तर नवीन मिक्सरचं वॉरंटी कार्ड, आणि तेही मिक्सर बंद पडल्यावर.

आता मी स्वतःला वाचणारी समजते. म्हणजे समजत होते. शाळेत असताना चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत वाचायची, भेळेचा कागदसुद्धा भेळ संपल्यावर सरळ करून वाचायची आणि पुढचा भाग दुसऱ्या कोणाच्या भेळेला गेलाय म्हणून हळहळायची. ती मुलगी कुठे गेली कोण जाणे. आता मी पुस्तक उघडते, दोन पानं होतात, आणि हात आपोआप फोनकडे जातो, काही आलंय का बघायला. काही आलेलं नसतं. मग काही का आलं नाही हे बघण्यात अर्धा तास जातो. त्यात चाळिशी लागलीये. पुस्तकाला लागणारा चष्मा वेगळा आणि खिडकीतून कोण गेलं हे बघायचा वेगळा, त्यामुळे वाचताना घराकडे लक्ष राहत नाही आणि घराकडे लक्ष दिलं की अक्षरं पुसट. बायकांच्या वाचनाचे निम्मे प्रश्न ह्या दोन चष्म्यांच्या मधे आहेत असं माझं मत आहे.

तर सुरुवात सगळ्यांनी शंभर पानांच्या आतल्या पुस्तकापासून केली. आमची लायब्ररी ब वर्गाची आहे, ग्रंथपाल काका मात्र अ वर्गाचे, त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं की मी लेखकाचं नाव न बघता शेवटचं पान उलटून नंबर बघतेय. "बारीक हवंय का?" असं त्यांनी सोनाराने चेन दाखवावी तसं विचारलं आणि कवितांच्या कपाटाकडे बोट केलं. त्या कपाटाला आमच्या चॅलेंजमुळे बरे दिवस आले असतील. मराठी कवितासंग्रह हा वेगात वाचायला अतिशय सोयीचा प्रकार आहे, आधी कोरं पान, मग अर्पणपत्रिका, मग कोरं पान, मग कोणा मोठ्या माणसाची प्रस्तावना जी आपण सोडूनच देतो, आणि मग एका पानावर आठ ओळी आणि खाली भरपूर मोकळी जागा. माझा अख्खा संग्रह डोंबिवली ते घाटकोपरमधे झाला. त्यातली एकही ओळ आता आठवत नाही, पण रकान्यात टिक आहे.

लायब्ररीच्या पुस्तकांचं मला आवडतं ते म्हणजे त्यात आपल्याआधी वाचून गेलेली माणसं भेटतात. मी एक अनुवादित रहस्यकथा आणली तर तिसऱ्याच प्रकरणात एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलने रेघ आणि समासात "हाच तो". पुढे पन्नासेक पानांनी दुसरं अक्षर, निळ्या पेनातलं, "नाही." आणि शेवटच्या पानावर पहिल्या पेन्सिलवाल्याने, म्हणजे पुस्तक दुसऱ्यांदा नेऊन, "सांगितलं होतं" असं लिहिलेलं. मूळ कथेपेक्षा ह्या दोघांचं भांडण मी जास्त मन लावून वाचलं. ताईला विचारलंही की हे वेगळं पुस्तक धरता येईल का, तिने उत्तर दिलं नाही.

पाचशे पानांच्या वरच्या रकान्यासाठी मी एक ऐतिहासिक कादंबरी काढली. घरी तर वेळ मिळत नाही म्हणून गाडीत वाचायची असं ठरवलं. सव्वाआठच्या फास्टला लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तरी ती सीट नसतेच, अर्धं अंग हवेत असतं, त्यात ते पुस्तक मांडीवर ठेवावं तर मांडीही अर्धीच टेकलेली. शेजारी एक काकू बसतात, ठाण्यापर्यंत गवार मोडतात, ठाण्यानंतर डोळे मिटतात, वर्षानुवर्षांचा शिरस्ता. कादंबरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी पान उलटायला गेले तर माझ्या हातावर गवारीचा हात. "थांब गं, माझं व्हायचंय." मी थांबले. काकू ओठ हलवत वाचतात, सावकाश, मधे एक शेंग मोडतात, परत वर जातात. झाल्यावर मान हलवतात, मग मी उलटायचं. दुसऱ्या दिवशी मी रात्री घरी पुढचं एक प्रकरण वाचून आले होते तर त्या चक्क रागावल्या. "आता मला काय कळणार तो किल्ल्यावर पोचला कसा?" मग मी अख्खं प्रकरण तोंडी सांगितलं, मुलुंड गेलं, घाटकोपर गेलं, समोर उभ्या असलेल्या एका मुलीने कानातले बड्स काढून विचारलं, "पण त्याच्या बायकोचं काय झालं?" त्यानंतर घरी वाचायला बंदी आली. रजा घ्यायच्या आधी काकूंना कळवावं लागायचं. ते पुस्तक अर्थातच गणपतीपर्यंत पुरलं, पण खरं सांगू का, आख्ख्या चॅलेंजमधलं तेवढं एकच पुस्तक मला पानापानाने आठवतंय, कुठलं पान उलटताना कुठलं स्टेशन होतं तेसुद्धा.

ह्यांनी इकडे ऑडिओबुक लावलं. ऐकणं म्हणजे वाचणं का यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली, मग आमच्याकडे कीर्तन ऐकून पुण्य मिळतं तर पुस्तक ऐकून टिक का मिळू नये ह्या मुद्द्यावर ताईने ते मान्य केलं. ह्यांनी लगेच स्पीड पावणेदोन पटीवर नेला. आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवसांत एक गंभीर आवाजाचा माणूस दुष्काळाचं वर्णन अशा घाईत करत असायचा की त्याची गाडी सुटतेय.

गणपतीत कोणी काही वाचलं नाही. पुस्तकांचा उपयोग झाला, मखराचा एक पाय आखूड होता. पितृपक्षात वाचू म्हटलं तर ऑफिसात ऑडिट. दसऱ्याला पुस्तकं पूजेला लावली आणि पूजेतलं पुस्तक त्या दिवशी उचलत नाहीत असं आमच्याकडे आहे, हे मी ताईला लेखी कळवलं. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, अब्दुल कलामांचा जन्मदिवस, शाळेतून मेसेज की मुलाचा वाचतानाचा फोटो पाठवा. चिरंजिवांनी पुस्तक धरलं, चेहरा विचारमग्न केला, फोटो झाल्याबरोबर पुस्तक ठेवलं. त्याचं म्हणणं, प्रेरणाच द्यायची होती ना, दिली.

ह्या सगळ्यात सासूबाई कुठे आहेत असं वाटलं असेल. त्या देवघरापुढे. श्रावणात त्यांचं शिवलीलामृत असतं, चौदा अध्याय, शिवाय अकरावा अध्याय रोज. पाट, समोर पोथी, आणि एकदा वाचायला बसल्या की मधे बोलत नाहीत. बेल वाजली, कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या, तर ओवी न तोडता नुसतं "हूं हूं" करून हाताने दाखवतात, गॅस, गॅस. फोन आतल्या खोलीत. मी कौतुकाने बघायचे आणि माझ्या मोबाईलवर किती टक्के पुस्तक झालं ते बघायचे.

दिवाळीच्या तोंडावर मी शीट भरत बसले होते तर त्या मागून डोकावल्या. "काय गं हे?" मी सांगितलं. एकेक रकाना वाचून दाखवला. त्या विचार करून म्हणाल्या, "मग माझं नाव का नाही घातलंस?" आणि मग जे झालं ते ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलंय, कारण त्यांनी मला फोन लावायला सांगून ताईशी स्पीकरवर वाटाघाटी केल्या. कवितेचं? पोथी ओवीबद्ध आहे, कविताच ती. जन्माच्या आधीचं? श्रीधरस्वामींनी 1718 साली लिहिलं. गावाशी संबंध? बारामतीत लिहिलं. ताई म्हणाली, "हो का? बारामती?" आणि तिथेच ती हरली. पुन्हा वाचलेलं? दरवर्षी. कोणीतरी दिलेलं? आईने, लग्नात. शंभर पानांच्या आतलं? अकरावा अध्याय वेगळा छापलेला मिळतो, त्याची पुस्तिका आहे, पिशवीत मावते. दुसऱ्या भाषेतून आलेलं? स्कंदपुराणातल्या ब्रह्मोत्तरखंडावरून घेतलंय, पोथीतच सांगितलंय, आणि ते संस्कृतात आहे. लाल कव्हर? पोथी लाल खणात बांधलेली असते. ताई म्हणाली, कव्हर आणि कापड एक नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुझं कागदाचं कव्हर दोन वर्षांत फाटेल, माझं चाळीस वर्षं टिकलंय." मिळाली टिक. पाचशे पानांच्या वरचं म्हणून पांडवप्रताप, चौसष्ट अध्याय, मागच्याच आठवड्यात संपवला होता, कोणाला न सांगता.

आम्ही इकडे आषाढापासून टिकांच्या मागे धावतोय आणि ह्या बाईंनी एका दुपारी नऊ रकाने भरले. शिवाय श्रावणात तीस वेळा वाचलेला अकरावा अध्याय तीस पुस्तकं धरणार का, असंही विचारून ठेवलं.

खणाची टिक मंजूर झालेली बघून मीही त्याच संध्याकाळी एका पुस्तकाला लाल गिफ्ट पेपरचं कव्हर घातलं. शेवटी माझा एकच रकाना राहिला, गावाचा, तो मी एका दिवाळी अंकातल्या कोकणावरच्या दीर्घ लेखावर भागवायला गेले. अंक म्हणजे पुस्तक नव्हे, असं ताई म्हणाली. मी तिला सांगितलं की का. र. मित्रांनी 1909 मधे मनोरंजनचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात दिवाळीत वाचणं म्हणजे अंकच, आणि चारशे रुपये किमतीच्या वस्तूला पुस्तक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं. मात्र अख्खा अंक वाचलास का, असं तिने विचारलं. अंक अख्खा कोण वाचतं? आधी राशिभविष्य, मग व्यंगचित्रं, मग ओळखीच्या कोणाचं नाव आहे का ते, मग जाहिराती. कथांपर्यंत पोचेस्तोवर तुळशीचं लग्न लागतं. पण ह्यावेळी वाचला, अगदी संपादकीयासकट, आणि कार्तिकीच्या आदल्या रात्री माझी शीट पूर्ण झाली.

सासूबाईंचा दहावा रकाना उरला होता, घरात आहे पण कधी उघडलं नाही. त्या म्हणाल्या, "माझं असं एकही नाही. तुझ्या कपाटात बघते." माझ्या कपाटात काय, प्रदर्शनातली, सुटीच्या दिवशी पन्नास टक्के सवलतीत घेतलेली, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. त्यांनी नेमकं वजन कमी करण्याचं पुस्तक उचललं, जे मी कधीतरी एक जानेवारीला घेतलं होतं. सकाळी आंघोळ करून, पाटावर बसून, मोठ्याने, पहिल्या पानापासून. पोथीची चाल लागतेच त्यांच्या आवाजाला, त्यामुळे "साखर हे पांढरं विष" हेही ओवीसारखं आलं. मधे मी चहा घेऊन गेले तर "हूं हूं" करून कपातल्या साखरेकडे बोट.

सर्टिफिकेट दोघींना आलं, उद्यापनाला ताईने पुरणपोळी केली. वाढताना सासूबाईंनी माझ्या पानाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दुसरी नको हं, चौथा अध्याय आठव." तेव्हापासून रोज हेच चाललंय. त्यांनी वाचलेलं त्यांच्या लक्षात राहतं, त्याला मी काय करू. गाडीतल्या काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ते पुस्तक आण की उद्या, पण पहिल्या पानापासून, आणि घरी वाचून येऊ नकोस."