‘वायफायला पासवर्ड आहे ना, मग कॉल सेफ’ म्हणे

काल रात्री धाकट्या भावाने एक फॉरवर्ड पाठवला. त्याच्याकडे नुकतंच हॉस्पिटलच्या वायफाय फोनचं काम आलंय, म्हणून पठ्ठ्या खुशीत, "दादा, यात सगळं सोपं करून सांगितलंय बघ." बघितलं आणि झोप उडाली. हाच मेसेज मला आधी दोन ग्रुपवर येऊन गेलाय, तेव्हा सोडून दिलं होतं. त्यातले सल्ले असे: एसएसआयडी (वायफायचं नाव) लपवा, मॅक फिल्टर (मॅक ॲड्रेस, म्हणजे फोनचा हार्डवेअर नंबर, यादीत असेल तरच प्रवेश) लावा, सगळ्या हँडसेटना एकच पासवर्ड द्या, सर्टिफिकेटच्या (प्रत्येक हँडसेटचं वेगळं डिजिटल ओळखपत्र) भानगडीत पडू नका कारण चालता चालता कॉल तुटतो, आणि एसआरटीपी (कॉलचा आवाजच एन्क्रिप्ट करणारी पद्धत) बंद ठेवा कारण वायफाय एन्क्रिप्टेड आहेच, वर आवाज अडकतो.

शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण वाट लागेल ती त्यानेच.

अरे बाबांनो, वायफायचं एन्क्रिप्शन हँडसेटपासून ॲक्सेस पॉइंटपर्यंत (भिंतीवरचा वायफायचा डबा), फार तर ते डबे सांभाळणाऱ्या कंट्रोलरपर्यंत. तिथून पुढे, एसआरटीपी नसेल तर, वायरवरून आवाज उघडाच जातो. भावाला पटेना, म्हणून व्हिडिओ कॉल लावला, माझ्याकडचे दोन टेस्ट हँडसेट काढले, स्विचचा पोर्ट मिरर केला (म्हणजे त्यावरच्या ट्रॅफिकची नक्कल लॅपटॉपकडे वळवली) आणि पॅकेट पकडून दाखवणारं वायरशार्क चालू केलं. टेलिफोनी मेनू, त्यात व्हीओआयपी कॉल्स, मग प्ले. मी मघाशी बोललेलं "हॅलो, ऐकू येतंय का" लॅपटॉपमधून वाजलं. मग हँडसेटवर १ २ ३ ४ दाबलं तर तेही एकेक आकडा करून पॅकेटच्या यादीत हजर, म्हणजे व्हॉइसमेलचा पिन दाबला असता तर तोही असाच दिसला असता. भाऊ गप्प.

आणि आवाज अडकतो म्हणे! एसआरटीपीचं स्टँडर्ड, आरएफसी ३७११, २००४ पासून सगळ्यांना वाचायला मोकळं आहे. जी.७११ मध्ये (फोनच्या आवाजाचं नेहमीचं कोडिंग) २० मिलिसेकंदांच्या पॅकेटात आवाजाचे १६० बाइट, हेडर धरून २००, आणि एसआरटीपीचा डिफॉल्ट टॅग (पॅकेटमध्ये कोणी फेरफार केला नाही ना, हे तपासायची खूण) ८० बिटांचा, म्हणजे १० बाइट. दोनशेला दहा. जास्तीचं पॅकेट एकही नाही. आवाज अडकत असेल तर क्यूओएस (आवाजाच्या पॅकेटना आधी वाट देणं) बघा, कव्हरेज बघा, याच्या नावाने बिल फाडू नका. फक्त एक, एसआरटीपी लावून एसआयपी (कॉल जोडणारे सिग्नलिंगचे मेसेज) एन्क्रिप्शनशिवाय साध्या यूडीपीवर ठेवलं आणि एन्क्रिप्शनची की त्याच मेसेजमधल्या एसडीपीमधून (कॉलचा तपशील) जात असेल तर कुलूप लावून किल्ली दारालाच टांगल्यासारखं आहे. सिग्नलिंगला टीएलएसचं एन्क्रिप्शन हवंच.

एसएसआयडी लपवणं आणि मॅक फिल्टर यावर वेळ घालवत नाही. लपवलेल्या नेटवर्कचं नाव फोन स्वतःच हाका मारत शोधतो, आणि मॅक ॲड्रेस एन्क्रिप्टेड फ्रेमच्या हेडरमध्येही उघडा असतो. झालं.

सर्टिफिकेटने कॉल तुटतो हे मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. दर ॲक्सेस पॉइंटला अख्खं ८०२.१एक्स (सर्टिफिकेट वगैरे तपासून आत घेणं) नव्याने झालं तर अर्धा सेकंद सहज जातो, म्हणजे २५ पॅकेट गेली आणि समोरच्याचं वाक्य कापलं. पण म्हणून तर २००८ मध्ये ८०२.११आर (एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर झटपट जायची सोय) आलं ना, आणि ते नसेल तिथे बरेच हँडसेट ओकेसी (आधीच्या तपासणीतली की पुन्हा वापरणं) तरी करतात. काही जुने हँडसेट ११आर चालू असलेल्या नेटवर्कला जोडतच नाहीत, तेव्हा आधी एकावर करून बघा, मग सगळीकडे लावा.

एकच पासवर्ड ठेवला की काय होतं? डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीत तो पासवर्ड माहीत असलेल्या कोणीही दुसऱ्याच्या फोनचा जोडणीच्या वेळचा चार मेसेजचा हँडशेक पकडला की त्या फोनचा वायफाय ट्रॅफिक उघडता येतो. एक हँडसेट हरवला तर पासवर्ड सगळ्यांचा बदलायचा. सर्टिफिकेट असतं तर त्या एकाचंच रद्द केलं की विषय संपला.

भावाला विचारलं, तुमचा पासवर्ड शेवटचा कधी बदललाय? म्हणाला, "दादा, तो चार्जिंग रॅकवर चिकटवलाय, बदलला तर स्टिकर नवीन लागेल."