वूलिचचं उदाहरण देताय ना, मग पूर्ण द्या की

एक फॉरवर्ड आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग चरईतल्या मावसभावाकडून, आणि परवा ऑफिसच्या ग्रुपवरपण तोच. म्हणणं थोडक्यात असं की लंडनवाल्यांनी वूलिचला थेम्सकाठचा तोफांचा आख्खा कारखाना पाडून टॉवर उभे केले, बिल्डरने वर फुकटात रेल्वे स्टेशन बांधून दिलं, आणि आपण ठाण्यात खाडीकाठच्या मोक्याच्या जागेवर इंग्रजांचं जेल कवटाळून बसलोय. जेल हलवा, भिंती पाडा, हेरिटेजवाल्यांचं ऐकू नका. खाली दोनशे अंगठे.

पहिलं, "कारखाना पाडला". अहो नाही पाडला! म्हणजे काही भाग गेला हे खरंय, आणि पूर्वेकडच्या दलदलीच्या पट्ट्यात तर साठच्या दशकापासून थेम्समीड नावाची नवीन वसाहतच उठली, पण मूळ गाभा जागेवर आहे. रॉयल आर्सेनल म्हणजे ब्रिटिश तोफा-दारूगोळ्याचं माहेरघर, पहिल्या महायुद्धात तिथे ऐंशी हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. आर्सेनल फुटबॉल क्लब 1886 मध्ये तिथल्याच कामगारांनी काढला, क्लबच्या चिन्हावर तोफ आहे ती उगाच नाही. कारखाना 1967 ला बंद झाला, लष्कर पुरतं बाहेर पडलं 1994 ला. त्यानंतर घरं झाली, नदीकाठी टॉवरपण आले, पण 1717 ची तोफा ओतायची फाउंड्री उभी आहे, जुन्या गोदामांतच फ्लॅट काढलेत, आणि पाच जुन्या इमारती मिळून 2021 मध्ये नाटक-गाण्याचं केंद्र सुरू झालं. ह्याला पाडणं म्हणतात का?

"स्टेशन फुकट" हेपण अर्धंच. जमिनीखालचा स्टेशनचा सांगाडा बिल्डरने बांधला, खरंय, पण आतलं काम पुरं करायला नंतर सरकारी पैसाही लागला, आणि स्टेशन उघडलं 24 मे 2022 ला. आणि बिल्डरने हे पुण्य म्हणून केलं असं वाटत असेल तर दाराशी स्टेशन आलं की फ्लॅटचा भाव काय होतो ते घोडबंदर रोडवाल्यांना विचारा.

वूलिच म्हणजे स्वर्ग असंही मी म्हणत नाही हां. तिथलं तोफखान्याचं म्युझियम 2016 ला बंद पडलं, स्थानिक इतिहासाचं केंद्र 2018 ला. भिंती वाचल्या, गोष्ट सांगणारी जागा गेली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे दिलं असतं तर निदान वाद घालायला मजा आली असती.

आता "इंग्रजांचं जेल, गुलामीची खूण". इथे मात्र मी थांबणार, कारण हे वाचून डोकंच फिरलं. हे जेल ज्या किल्ल्यात आहे तो ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी बांधलेला नाही. पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतला, बांधकाम पुरं व्हायच्या आत 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, आणि पुढची 37 वर्षं तो मराठ्यांकडे होता. इंग्रज आले ते 1774 च्या डिसेंबरात, हल्ला करून. जेल त्यानंतरचं.

आणि ह्याच किल्ल्यातून त्रिंबकजी डेंगळे पळाले. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री ह्यांच्या खुनाच्या प्रकरणात बाजीराव पेशव्यांच्या ह्या कारभाऱ्याला इंग्रजांनी इथे डांबलं होतं, आणि पहारा मुद्दाम सगळा गोऱ्या शिपायांचा ठेवला, म्हणजे फितुरी नको. झालं उलटंच! एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार घोडा फिरवत भिंतीखाली गाणी म्हणायचा, झाडीत घोडे तयार आहेत, स्वार एकच कमी आहे अशा अर्थाची, आणि पहारेकऱ्यांना मराठीचा ओ की ठो कळत नव्हता. 1816 च्या सप्टेंबरात त्रिंबकजी भिंतीपलीकडे. पुढच्या वर्षी पेशवे-इंग्रज युद्ध पेटलं. ठाण्यात राहायचं तर मराठी शिका, हे त्या शिपायांना तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं.

गुलामीची खूण म्हणायचंच असेल तर तीपण ऐका. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन ह्याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ह्यांना 19 एप्रिल 1910 ला ह्याच जेलमध्ये फाशी दिलं. पाडा ती भिंत, आणि मग जयंतीला हार कुठे घालणार, पोडियम पार्किंगला?

"एकदा हेरिटेज लागलं की 300 मीटरमध्ये वीट लावता येत नाही." हे दोन वेगळे कायदे एकत्र कालवलेत. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना पहिले 100 मीटर बांधकामबंदी असते, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊन करता येतं. पालिकेची हेरिटेज यादी हा निराळा प्रकार, त्यात ग्रेड एक, दोन, तीन असतात आणि ग्रेडप्रमाणे किती बदल चालतील ते ठरतं, मुंबईत 1995 पासून हे चालू आहे. शिवाय मालकाचं नुकसान भरून द्यायला हेरिटेज टीडीआर असतो, म्हणजे तिथे न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला किंवा विकायला मिळतो, तो शब्द बिल्डर लोकांना चांगला पाठ आहे.

"आत बघण्यासारखं आहेच काय?" कोणी बघितलंय? कळवा पुलाकडून जाताना बाहेरचा तट दिसतो तेवढाच.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डची मला पटते, जेल हलवायला हरकत नाही. आत माणसं कोंबलेली, बाहेर मुलाखतीसाठी बायका लहान पोरं घेऊन उन्हात ताटकळतात, हे रोज दिसतं. पण जेल गेलं म्हणजे प्लॉट रिकामा झाला असं नसतं, कैदी जातील, किल्ला तिथेच राहील ना. खाडीपर्यंत चालत जाता येईल एवढी वाट आणि तटावर फिरायला जागा, चेंदणी-महागिरीच्या लोकांना एवढं मिळालं तरी खूप. बेलापूरला किल्ले गावठाणाजवळ सिद्दी, पोर्तुगीज, मराठे सगळ्यांनी वापरलेल्या किल्ल्याचं काय उरलंय ते सीवूड्सवाल्यांनी एकदा जाऊन बघा, आणि घोडबंदरच्या वाटेवरचा नागला बंदरचा किल्ला तर खाणीने जवळजवळ खाऊनच टाकला. तिथे कोणी फॉरवर्डपण काढला नव्हता.

आणि हा फॉरवर्ड ग्रुपवर टाकणारे काका, शेवटचं, राग मानू नका. तुमच्या फॉरवर्डवर "हे बघा नवं वूलिच" म्हणून जो फोटो आहे ना, तो मोठा करून बघा. टॉवर मागे आहेत. मधोमध जी लाल विटांची बिल्डिंग दिसतेय, तीच ती 1717 ची फाउंड्री.