सिस्टर, तुम्हाला झोप लागते का?

परवा आमच्याकडं ताणतणाव व्यवस्थापनाचं प्रशिक्षण झालं. सकाळी 10 ला. समोर बसलेल्यांतल्या निम्म्या जणी नाइट उरकून तशाच आलेल्या. सर म्हणाले, डोळे मिटा आणि दीर्घ श्वास घ्या. डोळे मिटले ते मिटलेच, माझ्या शेजारची घोरायला लागली. सर हसले, आम्हीपण हसलो. पण घरी येताना डोकं तापलेलं होतं, म्हणून हे लिहितेय.

17 वर्षं झाली नोकरीला. मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात आहे, नाव मुद्दाम देत नाही. आमचा ताण आमच्या श्वासात नाही, तो ड्युटीच्या यादीत आहे. एका सिस्टरमागं किती पेशंट, लागोपाठ किती नाइट, त्यानंतर ऑफ मिळणार की 'सिस्टर, आजच्या दिवस अॅडजस्ट करा' हे ऐकायचं, हे सगळं त्या एका कागदावर ठरतं. आयसीयूत एका पेशंटला एक सिस्टर असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, माझ्याकडं रात्रीला ऑक्सिजनवरचे 26 पेशंट होते. जोडीला एक कंत्राटी पोरगी, तिची नोकरी तीन आठवड्यांची.

बाहेर 42 अंश, अंगात पीपीई किट. घामानं हातमोजे इतके भरायचे की बोटं उलटी केली तर मनगटातून पाणी गळायचं. त्याचं काही नाही, अंग धुतलं की जातं. राहिला तो आवाज. ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे वाजत असले की पेशंटला हवा मिळतेय, थांबले की पळायचं. रात्री जंबो सिलेंडर बदलताना तो आवाज दोन-तीन मिनिटं बंद पडायचा आणि सगळा वॉर्ड आमच्याकडं बघायचा. आता घरी कूलर असतो, पाणी ठिबकत असतं, छान झोप लागते. लाइट गेली की कूलर थांबतो आणि मी उठून उभी. नवऱ्याच्या नाकाशी हात नेऊन बघते. आमच्याकडं उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको.

नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणून गेटवर डबे यायचे. एका पोराचा रोजचा डबा, स्टीलचा, चार पुडाचा, झाकणावर आईचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. आत चिठ्ठी, 'सिस्टर, आईला भाकरी दुधात कुस्करून द्या माय, दात नाहीत.' ती बाई पहाटे 4 ला गेली. पोराला फोन लावायचं काम डॉक्टरांचं, आणि डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात अडकलेले. 7 ला डबा आला. मी घेतला. 'आईनं रात्री खाल्लं का?' म्हणाला. मी मान हलवली. कशी हलवली ते आता आठवत नाही.

त्या काळात आम्ही योद्धे होतो. 22 मार्च 2020 ला थाळ्या वाजल्या, 3 मे ला मोठमोठ्या दवाखान्यांवर हेलिकॉप्टरनं फुलं पडली (आमच्याकडं चिमणी पण फिरकली नाही). एप्रिलमध्ये वटहुकूम निघाला, आमच्यावर हात उचलणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत, गंभीर इजा केली तर 7 वर्षांपर्यंत कैद. ड्युटीत कोरोनानं मेलो तर 50 लाखांचा विमा. दोन्ही गोष्टी चांगल्याच होत्या, नाही म्हणत नाही. पण मेल्यावरचा हिशोब झाला, मार खाल्ल्यावरचा झाला. जिवंत राहून दुसऱ्या दिवशी परत ड्युटीवर आलेल्या बाईचं काय, हे कुठल्या कागदात नव्हतं. आणि योद्धा म्हटलं की रडायची सोय राहत नाही. त्याच दिवसांत माझ्या मैत्रिणीला घरमालकानं खोली खाली करायला लावली, तोही थाळी वाजवणाराच.

एप्रिल 2021 मध्ये अंबाजोगाईत एका रुग्णवाहिकेतून 22 मृतदेह नेल्याची बातमी देशभर गाजली. लोक संतापले, संतापायलाच पाहिजे होतं. पण ती गाडी भरणाऱ्यांना, चालवणाऱ्याला नंतर झोप लागली का, हे कुणी विचारल्याचं मी तरी वाचलं नाही.

विचारायचं कसं, हे आमच्या भागात माहीत नाही असं नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी 2015 पासून मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आहे. आशाताई घरोघर जाऊन विचारतात, झोप लागते का, भूक लागते का, कशात मन रमतं का. दवाखान्यात याच धर्तीची नऊ प्रश्नांची यादी असते, एकेकाला 0 ते 3 गुण. आपण दुसऱ्याला विचारायचं, आकडा टाकायचा आणि पुढं पाठवायचं. एका नाइटला मी ती माझ्यावरच भरली. बेरीज 14 आली. 10 च्या वर आली की पेशंटला डॉक्टरकडं पाठवतो आम्ही. मी कागदाचे तुकडे केले आणि जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत टाकले.

दोन महिन्यांनी सुट्टी टाकून जिल्ह्याला गेले, मनोविकार विभागाचा केस पेपर काढायला. खिडकीतला मामा ओळखीचा निघाला. 'सिस्टर, कुणाला घेऊन आलात?' मी म्हणलं, नणंदेला. आणि बाहेर येऊन रसवंतीवर रस पिऊन परत आले.

मला सावरलं ते आमच्या इन्चार्ज सिस्टरनं. तिनं काही विचारलं नाही, समजावलं नाही. यादीत माझं नाव खोडून चार दिवस ऑफ लिहिला आणि परत आल्यावर दोन महिने बाळंतीण वॉर्ड दिला. रडणारी लेकरं ऐकून बरं वाटायचं. त्या चार दिवसांच्या जागी दुसरी कोण उभी राहिली, ते मला माहीत आहे. म्हणून म्हणते, आधी जागा भरा. लाट ओसरल्यावर आमच्याकडच्या कंत्राटी पोरींना एका मेसेजवर घरी पाठवलं. त्यांनी बघितलेलं त्या कुणाला सांगणार?

ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर आहे, फुकट, चोवीस तास. लावा, लाजू नका. पण 26 पेशंटमधून उठून फोन लावायला कोण मोकळं आहे, हेही बघा.

परवाच्या फॉर्मवर शेवटचा रकाना होता, 'आणखी कोणत्या विषयावर प्रशिक्षण हवे?' मी लिहिलं, नाइटनंतरचा ऑफ. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, 'ताई, हा विषय होत नाही ओ.'

तो डबा माझ्याकडंच राहिला. पोरगं परत आलं नाही आणि मला त्याच्या गावाला जाववलं नाही, गाव 18 किलोमीटरवर आहे. मागच्या महिन्यात सासूबाईंनी त्यात शेंगदाण्याची चटणी भरली होती. मी काही बोलले नाही. चटणी बरणीत काढली, डबा घासला आणि परत मांडणीवर ठेवला.