काका, तुमचे दहा हजार आणि माझे दहा हजार सारखे नाहीत

नमस्कार काका (वय ६१ तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, राग नसावा),

इंजिन ऑइल किती किलोमीटरला बदलावं या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली आणि तेव्हाच उत्तर ठोकून देणार होतो, पण म्हटलं रात्री तापलेल्या डोक्याने नको, सकाळी चहा घेऊन बसू. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काकांचं म्हणणं असं की कंपनी १०,००० किलोमीटर सांगते आणि हा पाच हजाराला ऑइल बदला म्हणून लोकांना घाबरवतोय, म्हणजे नक्की कुठल्यातरी ऑइल कंपनीचा माणूस. त्यांची स्वतःची पेट्रोल गाडी १,४०,००० चालली, ते बारा-तेरा हजाराला बदलतात, ते पण ऑइल काळं झालं असेल तरच. ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल म्हणजे बर्फाच्या देशातलं पाणी, इथे जाड २०डब्ल्यू-५० च पाहिजे. फुल्ली सिंथेटिक (प्रक्रिया करून बनवलेलं महागडं ऑइल) निव्वळ लूट. आणि वर 'चार पानं वाचून कोणी मेकॅनिक होत नाही'.

शेवटचं एकदम मान्य. एजंट असतो तर पुण्यात नाना पेठेच्या स्पेअर पार्ट बाजारात कॅनमागे पन्नास रुपयांसाठी पंधरा मिनिटं घासाघीस केली नसती, ते सोडून द्या.

आता मुद्द्याचं. पाच हजाराचा आकडा मी सरसकट लिहिला, ती माझी चूक, तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. पण तुम्हीच पुढे लिहिलंय की तुमची गाडी दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करते, आणि काका, सगळी गंमत तिथेच आहे! हायवेला सरासरी ताशी ६० धरली तर १०,००० किलोमीटरला इंजिन चालतं साधारण १६७ तास. माझी गाडी कोथरूड ते शिवाजीनगर, नळस्टॉपचा सिग्नल, येताना मुलीचा क्लास, स्क्रीनवर सरासरी वेग दिसतो ताशी १७. म्हणजे तेवढ्याच दहा हजाराला माझं इंजिन ५८८ तास चालणार, तुमच्या साडेतीनपट. ऑइल बिचारं मीटरवरचे आकडे वाचत नाही, ते इंजिनात किती वेळ कढलं आणि त्यात काय काय मिसळलं एवढंच त्याला माहिती.

आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दहा हजाराच्या तक्त्यानंतर अजून एक तक्ता असतो, त्याचं नाव 'सिव्हिअर कंडिशन', तिथपर्यंत कोणी जातच नाही. त्यात लिहिलेलं असतं की वारंवार छोट्या फेऱ्या, थांबत थांबत चालणारा ट्रॅफिक, धूळ, बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभी गाडी, असं असेल तर लवकर बदला. वाचताना वाटतं कुठल्या वाळवंटाबद्दल लिहिलंय, आणि मग लक्षात येतं की अरे हा तर सिंहगड रोड.

छोट्या फेऱ्यांचं एक डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. सासऱ्यांची गाडी, वर्षाला जेमतेम अडीच हजार किलोमीटर, मंडई, बँक, रविवारी देवळात, संपलं. तीन वर्षं ऑइल बदललंच नव्हतं कारण 'दहा हजार कुठे झालेत अजून'. गेल्या पावसाळ्यात मी सहज ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून पिवळट पांढरा थर, बोटाला लावला तर ताकावर येणाऱ्या लोण्यासारखा, फक्त वास वेगळा. जवळच्या एका गॅरेजवाल्याने लांबूनच निदान केलं, हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील, ते फाटलं की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं) गेलं, इंजिन खोलावं लागेल. सासरे खुर्चीतच बसले. पण कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पातळी अगदी खुणेवर होती, गाडी गरम होत नव्हती, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, मग गॅस्केट जाईल कसं? ते ऑइल खाली काढलं तर पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा भपकारा. नवीन ऑइल, नवीन फिल्टर टाकून दुसऱ्या दिवशी गाडी मुळशीवरून ताम्हिणीपर्यंत नेऊन आणली. नंतर दोन आठवड्यांनी झाकण उघडलं, एकदम स्वच्छ.

झालं काय होतं, तर एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन तयार होतं. बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते, थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोलही उतरतं. ऑइल नीट तापलं तर हे सगळं उडून जातं. पण डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कूलंटचा असतो, ऑइलचा नाही, ऑइल त्याच्या बऱ्याच मागून तापतं, आणि तीन किलोमीटरवर मंडई आली की इंजिन बंद. म्हणून मॅन्युअलमध्ये 'किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते' लिहिलेलं असतं, आणि कमी चालणाऱ्या गाडीला तो 'किंवा' सगळ्यात महत्त्वाचा.

काळ्या रंगाचं राहिलं. ऑइल काळं होतं कारण त्यातली साफसफाईची रसायनं काजळी धरून ठेवतात, इंजिनाला चिकटू देत नाहीत, म्हणजे ते काम करतंय. डिझेल गाडीत तर नवीन ऑइल काही दिवसांतच डांबरासारखं दिसायला लागतं, मग काय दर आठवड्याला बदलायचं? आणि उलट सीएनजीत काजळी कमी, ऑइल कितीतरी दिवस मधासारखं दिसतं आणि आतून मात्र उष्णतेने पार गेलेलं असतं. रंगावरून माणूस ओळखू नये तसं ऑइलही.

आता तुमचं २०डब्ल्यू-५०. पद्मिनी आणि अँबेसिडरच्या जमान्यात जाड ऑइलच चालायचं आणि तुमचा हात त्यावर बसलाय, समजू शकतो. पण डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड असतानाचा, जितका कमी तितकं ऑइल पातळ, आणि डब्ल्यू म्हणजे विंटर असलं तरी त्यासाठी बर्फ लागत नाही. इंजिनाला शंभर डिग्रीच्या आसपास राहायची सवय, त्याच्या हिशोबाने पुण्याची २५ डिग्रीची सकाळ पण थंडीच, डिसेंबरातली दहा तर विचारूच नका. थंड असताना ५डब्ल्यू-३० पेक्षा २०डब्ल्यू-५० दुपटीहून जास्त घट्ट असतं, आणि सेल्फ मारल्यावर पहिले काही क्षण वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ऑइल पोचेपर्यंतच झीज जास्त होते. पुढचा आकडा गरम असतानाचा, तो उन्हाळ्यात कामाला येतो हे खरं, पण मे महिन्यात बाहेर ४० असलं तरी कूलंट आणि थर्मोस्टॅट इंजिनाला त्याच्या ठरलेल्या तापमानाला ठेवायला बघतात. नवीन इंजिनातली ऑइलची भोकं, व्हॉल्व्ह टायमिंगचं ते हायड्रॉलिक प्रकरण, सगळं पातळ ऑइल धरून बनवलेलं असतं. हां, पातळ ऑइल देण्यामागे कंपन्यांचा मायलेज वाढवायचा स्वार्थ पण आहे, ते मी लपवत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये ज्या दोन-तीन ग्रेड दिल्या असतील त्यातली जाड घ्या, पण यादीबाहेर जाऊ नका.

सिंथेटिकवर मी तुमच्या बाजूने अर्धा आहे. साधं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, तर योग्य ग्रेडचं आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जाचं स्वस्त ऑइल वेळेवर बदललेलं चांगलं, महागडं टाकून दोन वर्षं विसरलेलं नाही. पण टर्बो असेल तर कंजुषी नको, टर्बोचा दांडा ऑइलवरच तरंगतो आणि तिथे प्रचंड उष्णता. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो पेट्रोलला एपीआय एसपी बघून घ्या, २०२० साली आलेला दर्जा, कमी आरपीएमला जोर मागितला की सिलिंडरमध्ये वेळेआधी भडका उडतो त्याच्यासाठी त्यात खास चाचणी आहे. आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलला मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचंच ऑइल, नाहीतर राख डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साठते आणि ती जळून जात नाही. याच गाड्यांचं अजून एक, शहरात डीपीएफमधली काजळी जाळायला फवारलेलं जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) पातळी चक्क वाढते. एक मित्र खूश होऊन सांगत होता, माझी गाडी ऑइल खात नाही उलट वाढवते! त्याला त्याच दिवशी बदलायला पाठवला.

मूळ लेखातली पाच हजाराची ओळ आज बदलतोय, तिथे आता 'शहरात छोट्या फेऱ्या असतील तर सहा महिने किंवा पाच ते साडेसात हजार, हायवेला मॅन्युअलप्रमाणे' असं असेल. तुमचे बारा-तेरा हजार मात्र मला अजूनही जास्तच वाटतात, दहाला या, आणि मधे महिन्यातून एकदा सकाळी थंड गाडीची डिपस्टिक पुसून बघत जा, १,४०,००० झालेल्या इंजिनात ऑइल हळूहळू कमीही होऊ शकतं.

आणि ते जुनं ऑइल वॉचमनला देता, वाळवीसाठी दाराच्या चौकटीला लावायला, ते बंद करा हो. आमच्या वाड्यात पण लावायचे, वास आठवतो अजून, पण त्यात झिजलेला धातू न् काय काय असतं, कातडीला वाईट, आणि पावसात ते शेवटी मुठा नदीतच जातं. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे, १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवर टाकलीये. आपल्यापुरतं सोपं म्हणजे जुन्याच कॅनमध्ये भरून, जे मोठं गॅरेज ड्रममध्ये साठवून रिसायकलवाल्याला विकतं त्यांच्याकडे नेऊन द्यायचं. माझे दोन कॅन गेला महिनाभर बाल्कनीत कुंड्यांच्या मागे पडलेत आणि त्यावरून घरात रोज ऐकतोय, या रविवारी नेतो.