किल्ली कुठंय?

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीत घरफोडी झाली. दुसऱ्या मजल्यावरचे काका-काकू चार दिवस लग्नाला नाशिकला गेले होते. पेपरात येतं अगदी तसं, 'कडीकोयंडा उचकटून'. हे शब्द लहानपणापासून वाचत आलेय, पण उचकटलेला कोयंडा इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. कुलूप शाबूत होतं, चांगलं महागातलं. कोयंडा मात्र अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर उभा होता, तो चौकटीतून निघाला होता आणि कुलूप त्याला तसंच लोंबकळत होतं. पैसे आपण कुलपावर घालतो. स्क्रू कुठले लावायचे ते सुतार ठरवतो आणि सुताराला पुढच्या कामावर जायची घाई असते.

आत तांदळाचा डबा ओट्यावर पालथा, कणकेचाही. गादी उलटी. देवघरातला खालचा खण उपसलेला. म्हणजे आपण सगळे ज्या जागा आपल्या एकट्यालाच सुचल्यात असं समजतो, त्या सगळ्या त्यांनी ओळीनं बघितल्या होत्या. आणि लोखंडी कपाट फोडलेलं नव्हतंच. किल्लीनं उघडलं होतं. किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला होती.

रविवारी तातडीची मीटिंग झाली. एरवी कोरम होत नाही, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. ठरलं काय, तर मागचं गेट कायमचं बंद, टेरेसच्या दाराला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींकडे, सगळ्यांनी बाल्कनीला ग्रिल बसवून घ्यायचं, एकदम घेतलं तर रेट कमी पडेल. मी हात वर करून विचारलं, आग लागली तर? उत्तर आलं, "मॅडम, आत्ता चोरीचा विषय चाललाय."

मला तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. विषय दोन नाहीतच. घर एकच आहे, दारं तीच आहेत, किल्ल्याही त्याच आहेत.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आम्ही तेव्हा पुण्यात अरण्येश्वरजवळ तळमजल्यावर भाड्यानं राहायचो, आंबिल ओढ्यापासून फार लांब नाही. पाऊस संध्याकाळपासूनच विचित्र होता. रात्री आधी बाथरूमच्या जाळीतून पाणी वर आलं, मग दाराखालून. लाइट गेले. नवरा नाइट शिफ्टला. घरात मी, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. पाणी घोट्यावरून गुडघ्याला यायला किती वेळ लागला असेल? मला तो एक चहा उकळायचा वेळ वाटला. वरच्या मजल्यावरचे ओरडत होते, "वर या, वर या." आणि मी मोबाइलच्या उजेडात कपाटाची किल्ली शोधत होते.

किल्ली कुठे आहे ते फक्त आईंना माहीत असायचं. त्या दर दोन-तीन महिन्यांनी जागा बदलत, सुरक्षिततेसाठी. त्या रात्री त्यांना स्वतःलाच आठवेना. "अगं, उशीच्या अभ्र्यात होती, मग मी ती..." एवढं म्हणून त्या थांबायच्या, परत पहिल्यापासून सुरू करायच्या. शेवटी लेक रडायला लागली तेव्हा मी भानावर आले. तसंच सगळं सोडून आम्ही जिना चढलो. त्या रात्री या ओढ्याकाठी माणसं गेली आहेत, म्हणून हे 'मजेशीर किस्सा' म्हणून मला कधीच सांगता येत नाही.

चोराला जी किल्ली पाच मिनिटांत सापडते, ती घरच्यांना अंधारात सापडत नाही. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे.

दागिने वाचले बरं का. ते कपाटाच्या वरच्या तिजोरीत होते, पाणी तिथवर गेलंच नाही. गेली ती फाइल. दिवाणाच्या खणात, सगळ्यात खाली, कारण कागद कोण चोरणार? माझ्या मार्कशीट, आईंचे पेन्शनचे कागद, विम्याच्या पॉलिसी, लग्नाचं सर्टिफिकेट. मार्कशीटना लॅमिनेशन होतं, तर पाणी कडेनं आत शिरलं आणि आतच राहिलं. प्लॅस्टिकच्या आत शाई हळूहळू पसरताना मी दोन दिवस बघत होते. बोर्डाकडून डुप्लिकेट मार्कशीट मिळते, नाही असं नाही. पण आधी शाळा, मग अर्ज, मग 'मॅडम, पुढच्या आठवड्यात या'. आईंच्या पेन्शनचा घोळ वर्षभर पुरला. सोनं परत घेता येतं, हप्त्यानं का होईना.

पुण्याच्या जुन्या घरांत कुठलाही कागद सापडेना की उत्तर ठरलेलं असायचं, "पानशेतात गेलं." १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासलाही टिकलं नाही आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आई तेव्हा दहा वर्षांच्या, नारायण पेठेत. त्या सांगतात, वडिलांनी घरातून निघताना देव उचलले आणि घराची कागदपत्रं धोतराच्या सोग्यात बांधली. आजीचा दागिन्यांचा डबा राहिला. वाडा मातीचा, तो बसलाच. पण कागद होते म्हणून पुढे सगळं उभं करता आलं. हे मला कितीदा ऐकवणाऱ्या बाई स्वतः किल्ली अभ्र्यात शिवत होत्या, ते जाऊ दे.

आता आग. टेरेसला कुलूप घालायचं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, धूर वर जातो. खालच्या मजल्यावर किंवा मीटरच्या खोलीत पेट घेतला तर जिना म्हणजे धुराडं होतो. वरचं दार बंद असलं की धूर तिथेच कोंडतो आणि वर पळालेली माणसंही. चोर शेजारच्या गच्चीवरून येतो हे मान्य. मग जिन्याच्या बाजूनं लागणारी, किल्लीशिवाय उघडणारी दणकट कडी बसवा. बाहेरून उघडत नाही, आतून कुणालाही उघडते. कुलपापेक्षा फार महाग पडत नाही. ग्रिललाही तेच. बसवायचं तर बसवा, पण त्यात एक उघडणारी खिडकी ठेवायला सांगा, आणि तिची किल्ली त्याच खोलीत, बाहेरून हात पोचणार नाही अशा ठिकाणी, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली. रात्री सेफ्टी डोअरला आतून कुलूप घालून किल्ली पर्समध्ये टाकणारी माणसं मला माहीत आहेत. आमच्याच मजल्यावर आहेत. आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. आमचं शेवटचं कधी दिलं, हे मीटिंगमध्ये विचारल्यावर सगळे पंख्याकडे बघायला लागले.

"सगळं लॉकरमध्ये ठेवतो, प्रश्न मिटला" म्हणणाऱ्यांसाठी: १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आहेत. चोरी, आग, इमारत पडणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी असेल तर बँक देणं लागते, पण वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. आत ३० तोळे असले तरी ३ लाखच. आणि पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तेही नाही. लॉकर वाईट आहे असं नाही, माझाही आहे. पण नॉमिनी लावलाय का ते एकदा बघून या. आमच्या एका आत्यांचा लॉकर एकटीच्या नावावर होता, नॉमिनी नाही. त्या गेल्यावर उघडायला जे महिने गेले, त्यात तीन भावंडांचं बोलणं बंद झालं. आत निघालं काय, तर चांदीची निरंजनं आणि एक मोहनमाळ.

काकूंच्या पंचनाम्याला मी शेजारी बसले होते. पाटल्या किती वजनाच्या? "असतील तीन-साडेतीन तोळे." नक्षी? पावती? फोटो? शेवटी मुलीच्या लग्नाचा अल्बम काढला, त्यात काकूंचे हात अर्धे वाढपात. माल सापडला तरी तो आपलाच आहे हे दाखवावं लागतं, तेव्हा कुठे कोर्टाकडून मिळतो. त्या रात्री घरी येऊन मी एकेक दागिना पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढले, वजन लिहिलं. नवीन हॉलमार्कच्या दागिन्यांवर सहा अक्षर-आकड्यांचा नंबर कोरलेला असतो, तो भिंगातून वाचून उतरवला. लेकीला भिंग धरायला भारी मजा आली.

आमच्याकडे आता दाराच्या आत, चपलांच्या स्टँडच्या वर एक सॅक टांगलेली असते. मूळ कागद झिपच्या जाड पिशवीत, टॉर्च, आईंच्या आठवड्याच्या गोळ्या, शिट्टी, थोडे सुटे पैसे, आणि कागदावर लिहिलेले नंबर. कागदावर, कारण २०१९ ला फोन बंद पडल्यावर मला नवऱ्याचा नंबर आठवला नव्हता. अठरा वर्षांचा संसार! ११२ आणि १०१ पाठ असतात, गॅस गळतीचा १९०६ बहुतेकांना माहीतच नसतो. कागदांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये आणि भावाकडे. 'चोरानं सॅकच नेली तर?' असं नवरा विचारतो. नेली तर नेली, त्यात विकण्यासारखं काही नाही.

कपाटाची किल्ली कुठे आहे ते आता चौघांना माहीत आहे. आईंना हे अजून पटलेलं नाही, "चौघांना माहीत म्हणजे गावाला माहीत." पण परवा त्यांनीच नातीला हळूच काहीतरी दाखवलं आणि नात मला सांगायला तयार नाही.

टेरेसला कुलूप लागलं कालच. किल्ली सेक्रेटरींकडे. ते येत्या शुक्रवारी पंधरा दिवसांसाठी मुलाकडे बंगळुरूला चाललेत.