लारोश कुटुंबाबद्दल फिरणारा मजकूर आणि खरी हकीकत

"टायटॅनिकवर एकच कृष्णवर्णीय माणूस होता. हैतीच्या राष्ट्राध्यक्षाचा मुलगा, पहिल्या वर्गाचा प्रवासी. रंगामुळे त्याला लाइफबोटीत घेतलं नाही आणि अख्खं कुटुंब बुडालं." हा मजकूर पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो. माणूस खरा आहे, जोझेफ लारोश. बाकी बहुतेक तपशील चुकलेत.

'राष्ट्राध्यक्षाचा मुलगा'? नाही, पुतण्या-भाच्याच्या नात्यातला. १९१२च्या एप्रिलमध्ये हैतीच्या अध्यक्षपदी असलेले लेकोंत हे त्याचे काका-मामांपैकी.

'पहिला वर्ग'? तिकिटं दुसऱ्या वर्गाची होती, आणि त्यामागचं कारण त्याच्या दोन मुली. जोझेफच्या आईने 'फ्रान्स' या जहाजाची पहिल्या वर्गाची तिकिटं भेट दिली होती. पण त्या जहाजावर मुलांना आईबापांबरोबर जेवायला बसू देत नसत. सिमोन तीन वर्षांची, लुईझ जेमतेम पावणेदोन वर्षांची आणि जन्मापासून नाजूक. म्हणून त्यांनी तिकिटं बदलून टायटॅनिकची घेतली.

'एकच'? या शब्दाने तर दोन्ही मुली पुसल्या जातात. बाप हैतीचा, आई ज्युलिएत फ्रेंच, गोरी. अशा घरच्या त्या लेकी. त्या बापाच्या रंगाच्या हिशेबात धरायच्या नाहीत का?

आता मुख्य मुद्दा, लाइफबोटीचा. ब्रिटिश चौकशीच्या आकड्यांप्रमाणे दुसऱ्या वर्गात १६८ पुरुष होते. वाचले १४. म्हणजे शंभरात आठ. तिसऱ्या वर्गाच्या ४६२ पुरुषांपैकी ७५ वाचले, पहिल्या वर्गाच्या १७५ पैकी ५७. जहाजावर सगळ्यांत कमी वाचले ते दुसऱ्या वर्गाचे पुरुष, आणि त्यांतले बहुतेक गोरे होते. कारण हुकुमात आहे. 'आधी बायका-मुलं' याचा अर्थ जहाजाच्या डाव्या बाजूला लायटोलर या अधिकाऱ्याने 'फक्त बायका-मुलं' असा लावला. उजव्या बाजूला दुसरा अधिकारी मर्डोक जागा असली तर पुरुषांनाही बसवत होता. त्यात २० बोटींत जागा ११७८ जणांची आणि जहाजावर माणसं २२०० च्या आसपास. दुसऱ्या वर्गातली सगळी २४ मुलं मात्र वाचली, बायका ९३ पैकी ८०. जोझेफचा मृत्यू या आकड्यांत तंतोतंत बसतो. त्यासाठी रंगाचं कारण जोडावं लागत नाही.

मग वर्णद्वेष नव्हताच का? होता, आणि तो लाइफबोटीच्या कितीतरी आधी आडवा आला. जोझेफ पंधराव्या वर्षी फ्रान्सला गेला, इंजिनिअर झाला, पण रंगामुळे त्याला शिक्षणाच्या तोलाचं काम आणि पगार मिळेना. लुईझच्या औषधपाण्याचा खर्च वाढत होता, ज्युलिएतला पुन्हा दिवस गेले होते. म्हणून हैतीला परतायचं ठरलं. मजकुरात नेमकी हीच गोष्ट नाही, याचा आम्हाला राग येतो.

'अख्खं कुटुंब बुडालं'? साफ खोटं. गेला तो फक्त जोझेफ, वय २५. त्याचा मृतदेह मिळाला नाही. ज्युलिएत आणि दोन्ही मुली वाचल्या, फ्रान्सला व्हिलझ्विफला परतल्या. त्या डिसेंबरात मुलगा झाला, त्याचं नाव बापाचंच ठेवलं: जोझेफ. लुईझ ८७ वर्षं जगली, १९९८ साली वारली. फ्रान्सच्या शेरबूर बंदराच्या धक्क्यावरून 'नोमॅडिक' नावाच्या छोट्या आगबोटीने पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे प्रवासी टायटॅनिकपर्यंत नेले होते. त्याच 'नोमॅडिक'वर लुईझ १९९५ साली पुन्हा चढली.